सासूबाईंची तांबी

नवी आता नवी राहिली नव्हती. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती, कडेवर दहा महिन्यांची पोर होती, आणि गल्लीत तिच्यानंतर आणखी सुना येऊन जुन्या झाल्या होत्या. पण ती आली त्या दिवशी कुणीतरी ‘ती बघ, इस्त्रीवालीची नवी’ म्हटलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. नातवंडं झाली तरी ही बाई नवीच राहणार, असं दिसत होतं.

आली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. सोळाव्या वर्षी पोरीचं लग्न लावून हात झटकणाऱ्यांना काय म्हणावं, ते ज्याचं त्यानं मनात म्हणावं. इथं तोंड सुटलं तर गोष्ट बाजूलाच राहील. वर्षभरात दिवस राहिले, आणि बाळंतपणात इतकं रक्त गेलं की खाटेवरची चादर जास्त पांढरी की तिचा चेहरा, हे सांगता येईना. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी त्यांनी चढवला. "हिचं स्वतःचं अंग अजून भरायचंय," त्या सासूला म्हणाल्या. "निदान तीन वर्षं दुसऱ्याचं नाव काढायचं नाही. पुन्हा असं झालं तर मला हिची खात्री देता येणार नाही."

सासूबाईंनी मान डोलावली. त्यांची मान फार छान डोलायची. पण घरी आल्या, आणि पोर बसायला लागते न लागते तोच सुरू झाल्या, "एक रांगतंय तोवर दुसरं उरकून घ्यावं. दोघं एकाच दुपट्यात मोठी होतात." इस्त्री तापवताना म्हणायच्या, कपडे मोजताना म्हणायच्या, दिवा घालवता घालवता आठवण झाली तर उठून बसून म्हणायच्या. प्रत्येक वेळी नवीला केंद्रातली ती खाट आठवायची. त्या खाटेवर तिनं छताकडं बघत ‘आपण आता मरतोय’ असं स्वच्छ मनाशी म्हटलं होतं, आणि ते ती अजून विसरली नव्हती. पण सासूबाईंपुढं बोलायची तिची छाती नव्हती.

सासूबाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. जिन्याखालच्या खोपटात दिवसभर उभ्या राहून त्या लोकांच्या कपड्यांवर इस्त्री फिरवायच्या. त्यामुळं त्यांचा उजवा हात पैलवानाचा आणि डावा बाईमाणसाचा झाला होता. चालताना कमरेवर हात, बसताना ‘आई गं’, आणि कशाचाही विषय निघाला की ‘आमचं काय, आमचं झालं आता’. असं ऐकून ऐकून सगळी गल्ली त्यांना म्हातारी धरून चालली होती, आणि त्या स्वतःही. सासरे एका गोदामावर रात्रपाळीचे वॉचमन होते. घरात असले की झोपलेले असत, नाहीतर घरात नसत. नवरा टायरच्या दुकानात पंक्चर काढायचा. वीस वर्षांचा, हसरा, बोलका, आणि आई समोर आली की मिठाची गुळणी धरून बसणारा.

नवीला हक्कानं घराबाहेर पडायला मिळायचं ते मास्तरीणबाईंकडं. त्या कपडे शिवायच्या, आणि गल्लीतल्या लग्न झालेल्या कोवळ्या पोरी त्यांच्या मागच्या खोलीत बसून काजं करायच्या, बटणं लावायच्या. आठवड्यातून एकदा काम आवरलं की कापायच्या टेबलावरच्या चिंध्या बाजूला सारून तिथं दोन डबे ठेवले जात आणि जी ती आपल्या कमाईतली चिल्लर त्यांत टाकायची. एक घराचा डबा, एक अंगाचा डबा. घराच्या डब्यातून उचल घ्यायची तर कारण सांगावं लागायचं आणि परतही करावी लागायची. नवीच्या नवऱ्याचा हवा भरायचा पंप त्यातूनच आला होता, आणि ‘जा बाई, जा मीटिंगला’ असं सासूबाई म्हणायला लागल्या त्या त्या पंपाकडं बघून. अंगाच्या डब्याची रीत मात्र वेगळी होती. जिला स्वतःच्या अंगासाठी काही हवं असेल, औषध म्हणा, तपासणी म्हणा, जायच्या-यायच्या रिक्षाचं भाडं म्हणा, तिनं झाकण उघडावं आणि घ्यावं. तिनं कारण सांगायचं नाही आणि बाकीच्यांनी विचारायचं नाही.

"घरात श्वास घेतला तरी कारण द्यावं लागतं तुम्हाला," मास्तरीणबाई म्हणायच्या. "एक डबा तरी बिनकारणाचा असू दे."

आणखी एक नियम होता. विशी ओलांडलेलीला प्रवेश नाही. मोठ्या आल्या की लहानांची तोंडं शिवली जातात असं बाईंचं मत होतं, आणि शिवण्यातलं त्यांना कळत होतं.

महिन्यातून एकदा नर्सबाई यायच्या. पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडायच्या, भाजीवालीनं वाटे लावावेत तशा. पहिल्या खेपेला पोरी लाजून एकमेकींच्या पाठीमागं लपल्या होत्या. आता त्या वस्तू उलटसुलट करून बघायच्या आणि खोड्या काढायच्या. त्यात सगळ्यात पुढं रेडिओ. ही रेडिओ म्हणजे नवीची मैत्रीण, पाववाल्याची बायको; सकाळी सुरू झाली की झोपेपर्यंत बंद व्हायची नाही, म्हणून रेडिओ.

"ही तांबी," नर्सबाईंनी एक छोटीशी वस्तू वर धरली. काडीएवढा दांडा, वर दोन आडवे हात. "तांब्याची बारीक तार गुंडाळलीय ना, म्हणून तांबी. एकदा बसवली की वर्षानुवर्षं बघायला नको. मूल हवं झालं की माझ्याकडं यायचं, मी काढून देते."

"आत हरवली तर?" रेडिओनं विचारलं.

"हरवायला ती काय तुझी सुई आहे?"

"आणि नवऱ्याला टोचली तर?"

"टोचली म्हणाला तर त्यालाच घेऊन ये. दोघांना एकदमच समजावते."

खोलीत असा काही हशा उसळला की मास्तरीणबाईंनी उठून मशीन उगाचच चालू केलं, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. नवी हसली नाही. तिनं तांबी तळहातावर घेतली. तिला तिचं वजनसुद्धा लागेना.

"एवढ्याशा वस्तूत तीन वर्षं मावतात?" तिनं विचारलं.

"दहासुद्धा मावतात," नर्सबाई म्हणाल्या. "पण आधी तुझं रक्त वर येऊ दे. मग बघू."

नवीनं अंगाचा डबा उघडला आणि रक्तवाढीच्या गोळ्या आणल्या. घरात त्या डाळीच्या डब्यात लपवल्या आणि न चुकता घेतल्या. नवऱ्याला मात्र तिनं सगळं सांगितलं. दुकान बंद होतं त्या दिवशी तो नळाचा वायसर बदलत बसला होता, तेव्हा.

"मला काय," तो म्हणाला, "तू बरी राहिलीस म्हणजे झालं. त्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसून काय काय बोललो होतो देवाला, ते मलाच माहीत."

नवीला वाटलं, ह्याला आत्ताच्या आत्ता मिठी मारावी. पण त्याच्या हातात पाना होता, आणि मुख्य गोष्ट अजून बाकी होती.

"मग आईंना सांग."

"तू सांग."

"आई तुझी आहे."

"सासू तुझी आहे," तो म्हणाला, आणि नळ इतका घट्ट आवळला की पुढं आठवडाभर तो उघडायला त्यालाच बोलवावं लागत होतं.

असे दिवस गेले. आणि एका मीटिंगला नर्सबाईंनी नवीच्या बोटातलं रक्त तपासून सांगितलं की रक्त वर आलंय, चार दिवसांनी केंद्रात ये. त्यांना दुसरीकडं जायचं होतं, त्या गेल्या. मागं राहिलेल्या पोरींना आनंद आवरेना. आपल्या डब्यातल्या चिल्लरीनं एका मैत्रिणीच्या अंगात रक्त भरलं, हे काही थोडंथोडकं नव्हतं. रेडिओनं तर अंगाचा डबा डोक्यावर ठेवून टेबलाभोवती एक फेरी मारली.

"मग ठरलं," ती ओरडली. "आपल्या डब्यातून पहिली तांबी नवीची."

आणि दारात सासूबाई उभ्या होत्या. पोर भुकेनं रडायला लागली म्हणून तिला दूध पाजायला घेऊन आल्या होत्या.

रेडिओच्या डोक्यावर डबा तसाच.

"तांबी?" सासूबाई म्हणाल्या. "तू डब्यातून तांबी घेणार आहेस?"

"हो," नवी म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. सासूबाईंना त्यांच्या आईनं एक तांब्याची तांबी दिली होती. बेताची, गोल पोटाची, पाणी प्यायची. सासऱ्यांची आधीची नोकरी गेली त्या वर्षी ती मोडीत घालावी लागली. तेव्हापासून पाणी प्यायचं झालं की त्या स्टीलच्या भांड्याला नावं ठेवायच्या. ‘माझी तांबी असती तर’ हे वाक्य त्या घरात भिंतीवरच्या घड्याळासारखं होतं. सगळ्यांना ऐकू यायचं आणि कुणी ऐकत नसे. दुसऱ्या कुठल्या तांबीचं नाव सासूबाईंनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांच्या काळी मुलं थांबवायची म्हणजे ऑपरेशन, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी मनगटानं डोळे पुसले. पोर नवीच्या हातात दिली आणि तिच्या डोक्यावरून तो पैलवानी हात फिरवला.

"कुणी मनावर घेतलं नाही गं इतकी वर्षं," त्या म्हणाल्या. "पोटच्या पोरानं नाही घेतलं."

रेडिओनं तोंड उघडलं. मास्तरीणबाईंनी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला, आणि रेडिओ आयुष्यात पहिल्यांदा मध्येच बंद पडला.

सुतावरून स्वर्ग गाठतात, सासूबाईंनी तांबीवरून गाठला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता फळीवरची जागा रिकामी झाली. तिथले बरण्या-डबे खाटेखाली गेले. जो कपडे द्यायला येईल त्याला इस्त्रीच्या वाफेतून बातमी मिळू लागली, "आमची नवी मला तांबी घेतेय. स्वतःच्या बचतीतून. सांगा, हल्लीच्या सुना वाईट म्हणून." सासऱ्यांना भरदिवसा झोपेतून उठवून सांगण्यात आलं. नवीच्या वाट्याची धुणी सासूबाई धुवायला लागल्या, पोरीला आपल्याजवळ घेऊन झोपायला लागल्या, आणि वर म्हणायला लागल्या, "तू जरा पड गं. दमतेस."

नवीला ते गोड घास गिळवेनात. सासूबाई खाऊ की गिळू करत होत्या तेव्हा लपवणं सोपं होतं. मायेनं वागणाऱ्या माणसापासून काही लपवायचं म्हणजे चोरी केल्यासारखं वाटतं. त्यातून तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी कहर केला. रिकाम्या फळीकडं बघत, अगदी प्रेमानं त्या म्हणाल्या, "तांबी घरात आली की मग दुसऱ्याचं मनावर घे बरं का."

हे नवीनं मागच्या खोलीत सांगितलं तेव्हा पोरी हसून हसून बटणांच्या ढिगाऱ्यावर लोळल्या. रेडिओला तर ठसका लागला आणि पाणी पाजावं लागलं. हसून झाल्यावर मात्र सगळ्या विचारात पडल्या, कारण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. सासूबाईंना आधी कळलं तर त्या नवीला केंद्राची पायरी चढू देणार नाहीत, आणि मागाहून कळलं तर घरात उभं राहू देणार नाहीत.

"घराच्या डब्यातून उचल घे आणि खरीखुरी तांबी आण," रेडिओनं मार्ग काढला. "एक फळीवर, एक जागेवर. कुणाला कशाचा पत्ता नाही."

बाकीच्यांना ते पटलं. मास्तरीणबाईंनी सुईत दोरा ओवता ओवता नवीकडं बघितलं.

"नको," नवी म्हणाली. "त्या रोज त्यातलं पाणी पिणार आणि मला दुवा देणार. मी रोज कुठं बघू?"

तिनं ठरवलं की चौथ्या दिवशी सकाळी, निघायच्या आधी, सांगून टाकायचं. काय व्हायचं ते होवो. चौथ्या दिवशी सकाळी ती उठली तर सासूबाई आंघोळ करून, ठेवणीतले कपडे घालून, केस चापूनचोपून बसवून दारात बसलेल्या. खोपटाला कुलूप. ते खोपटं कुणाच्या मरणालाही बंद राहिलेलं नवीनं पाहिलं नव्हतं.

"मी येते," सासूबाई म्हणाल्या. "भांड्यांच्या दुकानात पोरीबाळींना फसवतात. पत्रा हलका देतात आणि भाव जड लावतात. मी बोटानं वाजवून घेते."

नवऱ्यानं हे ऐकलं, चप्पल घातली, आणि आज दुकानात फार काम आहे असं म्हणत तो जो पसार झाला तो दिसेनासाच झाला.

दोघी चालत निघाल्या. पोर सासूबाईंच्या कडेवर. वाटेत भेटेल त्याला सासूबाई सांगत होत्या की कुठं चाललो, आणि नवी प्रत्येक वळणावर स्वतःशी म्हणत होती, पुढच्या वळणाला सांगू. वळणंच संपली. रस्ता फुटला. डावीकडं भांड्यांची गल्ली, तिथून पत्रा ठोकल्याचा आवाज येत होता. उजवीकडं पिवळ्या रंगाची बैठी इमारत, आरोग्य केंद्र. सासूबाई डावीकडं वळल्या. नवी थांबली.

"आई," ती म्हणाली, "मला तिकडं नाही जायचं. मला इकडं जायचंय."

आणि मग तिनं सांगितलं. एका दमात, रस्त्याकडं बघत, न थांबता. तांबी म्हणजे काय, ती कुठं बसते, कशाला बसवतात. रक्ताच्या गोळ्या डाळीच्या डब्यात होत्या तेही सांगितलं. "त्या दिवशी खाटेवर मला वाटलं होतं मी गेलेच," ती शेवटी म्हणाली. "मला इतक्यात दुसरं नको. मला भीती वाटते. तुम्हाला भांड्याचं खोटं मी नव्हतं सांगितलं, पण खरंही नाही सांगितलं. चुकलं माझं."

सासूबाई एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. ‘आई गं’ म्हणायचंही विसरल्या. मग त्यांच्या तोंडातून शब्द फुटला तो गल्लीभर ऐकू गेला.

"साऱ्या गल्लीला सांगितलं मी. पाववाल्याला सांगितलं, दूधवालीला सांगितलं. जो भेटला त्याला सांगितलं की माझी सून माझ्यासाठी तांबी घेतेय. आणि ही तांबी होय?"

"हो."

"फळी पुसून ठेवलीय मी."

नवीला रडू यायला लागलं होतं आणि हसूही, आणि दोन्ही दाबता दाबता तिच्या नाकी नऊ आले होते.

"मी काय वैरीण आहे का तुझी?" सासूबाईंचा आवाज आता खाली आला होता. "लवकर उरक, लवकर उरक म्हणत होते ते काय मला हौस आहे? दोन झाली की ऑपरेशन करून मोकळी होशील. विशीतच सुटशील. मला नाही गं सुटता आलं. आज करू, उद्या करू, घरात बघायला कुणी नाही, पैसे नाहीत, करत करत राहूनच गेलं. तुझं तसं होऊ नये म्हणून म्हणत होते."

नवी बघतच राहिली. इतके महिने जी टोचणी वाटत होती तिच्या मागं हे होतं, असं तिला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. दोघींना एकाच ठिकाणी पोचायचं होतं. फक्त सासूबाईंना तिकडं जायचा एकच रस्ता माहीत होता, आणि तो नवीच्या जिवावरून जात होता.

"ऑपरेशनशिवायही थांबता येतं, आई," ती म्हणाली. "आणि हवं तेव्हा परत सुरू करता येतं."

सासूबाई उठल्या. पोर कडेवर नीट घेतली. "चल," त्या म्हणाल्या. "तुझ्या त्या नर्सलाच विचारते."

केंद्रात त्या दिवशी गर्दी नव्हती. हिरव्या पडद्याची खोली, कोपऱ्यात वजनाचा काटा, टेबलावर झाकलेली ताटं. सासूबाईंनी खुर्चीवर बसून नर्सबाईंची उलटतपासणी घेतली. आत गंजते का? पुढं मूल होतं ना? काढताना कापावं लागतं का? सुनेला पंप उचलावा लागतो कधीकधी, तर जागेवरून हलते का? नर्सबाईंनी एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत पाळीला रक्त थोडं जास्त जाईल, दुखेल, म्हणूनच आधी रक्त वाढवलं, हेही लपवलं नाही. मग त्यांनी खुर्ची फिरवली आणि सासूबाईंकडं पाठ केली.

"आता तू सांग," त्या नवीला म्हणाल्या. "बाकी कुणी नाही. तुला हवी आहे का?"

नवीला घरात, माहेरात, शाळेत, आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. लग्नाचंही नव्हतं विचारलं. मागं सासूबाईंचा श्वास ऐकू येत होता.

"हो," ती म्हणाली. "मला हवी आहे."

मग ती सासूबाईंकडं वळली. त्या तिच्याकडं नाही, खाली बघत होत्या.

"दुपटं माझ्याकडं दे," त्या एवढंच म्हणाल्या. "इथं वारा लागतोय पोरीला."

पडद्यामागं फार वेळ लागला नाही. एक कळ आली, नवीनं दात आवळले, आणि झालंसुद्धा. "थोडी पडून राहा," म्हणून नर्सबाई हात धुवायला बाहेर गेल्या. नवी छताकडं बघत पडली होती. ह्याच इमारतीतलं असंच छत होतं ते, पण आज तिला गुणगुणावंसं वाटत होतं. खरंच जीव भांड्यात पडला होता, आणि भांडं न घेता पडला होता.

पलीकडून नळाचा आवाज येत होता. तो थांबला. मग सासूबाईंचा आवाज आला, आणि नवीला आधी तो ओळखूच आला नाही. इतका बारीक, इतका लाजरा.

"बाई, एक विचारू का? हसू नका."

"विचारा ना."

"माझ्या वयाला बसते का?"

नवी खाटेवर कोपरांवर उठून बसली.

"वय काय तुमचं?" नर्सबाईंनी विचारलं.

"काय माहीत. पोरगा झाला तेव्हा मी पंधरा की सोळाची. पोरगा आता वीसचा."

नर्सबाईंनी बोटांवर मोजलं. "म्हणजे छत्तिशीसुद्धा ओलांडली नाही हो अजून," त्या म्हणाल्या.

"पाच बाळंतपणं झाली. हाताशी लागला तो हा एकच." सासूबाई अडखळल्या आणि मग भराभर बोलू लागल्या. "सून बाळंत झाली तेव्हापासून तर डोळ्याला डोळा नाही माझ्या. दर महिन्याला जीव टांगणीला. पाळी दोन दिवस उशिरा आली तरी पायाखालची जमीन जाते. सुनेच्या मांडीवर पोर आणि सासूला दिवस, काय तोंड दाखवू? आणि ह्यांना काय सांगू? कुणाला विचारू? तुमची ती मीटिंग पण विशीच्या आतल्यांचीच."

पडद्याआड नवीनं तोंडावर हात ठेवला. हसण्यासाठी नव्हे. आपली सासू म्हातारी आहे असं ती दोन वर्षं समजत होती, आणि ही बाई तिच्याच भीतीनं, तिच्याच घरात, तिच्याइतकीच रात्र रात्र जागत होती. दोघींच्या खाटा एका हाताच्या अंतरावर होत्या आणि दोघींनी एकमेकींना कधी विचारलं नव्हतं. नवीला वाटलं, खाली उतरावं आणि त्यांना घट्ट धरावं. पण नर्सबाईंनी पडून राहायला सांगितलं होतं.

"बसते," नर्सबाई म्हणत होत्या. "शेवटची पाळी कधी आली? तपासते, रक्त बघते. सगळं ठीक असेल तर आजच."

"आजच?"

"खोपटं बंदच आहे ना आज," पडद्यामागून नवी म्हणाली.

मग पडदा एका बाजूनं सरकला आणि सासूबाईंचा चेहरा दिसला, लाजेनं लाल झालेला.

"कान फार लांब आहेत गं तुझे," त्या म्हणाल्या. "ऊठ आता. ती जागा दुसऱ्या कुणाला लागतेय."

नवी उठली आणि तिनं पोर घेतली.

तपासण्या आणि विश्रांती होता होता दिवस कलला. परत येताना दोघी रिक्षात बसल्या. भाडं नवीनं दिलं, अंगाच्या डब्यातलं. सासूबाई म्हणाल्या, मी विशीच्या आतली नाही, नियमात बसत नाही. नवी म्हणाली, त्या डब्याला कारण सांगायचं नसतं. सासूबाईंनी पुढं वाद घातला नाही.

संध्याकाळी गल्लीत सगळे वाटच बघत होते. दूधवाली कॅन खाली ठेवून उभी राहिली. रेडिओ दारातून अर्धी बाहेर लोंबकळत होती. नवरा दुकानातून लवकर येऊन कोपऱ्यात अंग चोरून उभा होता आणि दोघींच्या चेहऱ्यांवरून काय झालं असेल त्याचा अंदाज घेत होता. सासरे कामावर निघायच्या तयारीत, शिट्टी गळ्यात.

"आणली का तांबी?" दूधवालीनं विचारलं.

सासूबाई रिक्षातून सावकाश उतरल्या. "दोन आणल्या," त्या म्हणाल्या.

"दोन?" दूधवालीचे डोळे विस्फारले. "परवडल्या बाई तुम्हाला. दाखवा की."

"दृष्ट लागेल," सासूबाई म्हणाल्या आणि घरात शिरल्या.

सासरे मागोमाग आत आले. त्यांनी रिकाम्या फळीकडं बघितलं, नवीच्या हातातली पिशवी घेतली, उघडली, उलटी केली. पोरीचं दुपटं पडलं, एक वाटी पडली. त्यांनी पिशवी झटकली. मग खाटेखाली वाकून बघितलं.

"दोन म्हणालीस ना? कुठं आहेत?"

"आहेत," सासूबाई म्हणाल्या. "जागच्या जागी आहेत."

नवीला इतका वेळ दाबलेलं हसू आता आवरेना. तिच्याकडं बघून सासूबाईंचंही सुटलं, आणि सुटलं ते थांबेचना. ओटीपोटात कळ येत होती, दोघींच्याही, आणि तरी दोघी भिंतीला टेकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. सासरे शिट्टी हातात धरून तसेच उभे होते. नवरा दारातून बघत होता. आईला असं हसताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं, आणि तो स्वतःही काही न कळता हसायला लागला.

नवी सासूबाईंकडं बघत होती. तिला वाटलं, आपल्याएवढी होती तेव्हा हिला असं हसायला कुणी वेळच दिला नसेल. ती सरकून सासूबाईंच्या अगदी जवळ बसली. सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि सासऱ्यांना म्हणाल्या, "उभे काय राहिलात, चहा टाका. आज आम्हा दोघींना उचलाउचल करायची मनाई आहे."